रेल्वे गेटवर उभं राहून कोन समजून घेऊया

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की सहावी-सातवीची पोरं असलेल्या घरांत एक ठरलेला गोंधळ सुरू होतोय. गणिताच्या पुस्तकात रेषा आणि कोन हा धडा येतो आणि त्याच्याबरोबर नावांची ही एवढी वरात येते, लघुकोन, काटकोन, विशालकोन, मग कोटिकोन, पूरककोन, मग विरुद्ध, संगत, व्युत्क्रम. पोरगं इंग्लिश मीडियमला असलं तर आई-बाबांची आणखी पंचाईत, कारण आपण शिकलो मराठीत आणि ते विचारतंय कॉम्प्लिमेंटरी आणि सप्लिमेंटरीमधला फरक. मग आपण सांगतो पाठ कर. आणि पोरगं म्हणतंय, पाठ करूलालोय की, पण ध्यानात ऱ्हाईना.

मी घरी पोरांना गणित शिकवते आणि मला मनापासून वाटतं की हा धडा पाठ करायला सांगणं म्हणजे त्या पोरावर अन्याय आहे. नावं डझनभर असली तरी त्यांच्या मागं गोष्टी दोनच आहेत. एक म्हणजे अर्धा वळसा १८० अंशांचा असतो, आणि दुसरी म्हणजे समांतर रेषांचा कल एकसारखा असतो. बाकी सगळं या दोघांतून नुसत्या बेरीज-वजाबाकीनं निघतं. कसं ते बघायला आपल्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या रेल्वे गेटइतकी चांगली जागा नाही. गेट पडलं की आपण तिथं थांबतोच, तेवढ्या वेळात अख्खा धडा समोर दिसतो.

कोन म्हणजे नेमकं काय

गेट पडलंय, दांडा आडवा आहे. गाडी मिरजेकडं निघून गेली, आता दांडा उठायला लागला. दांड्याचं एक टोक खांबापाशी अडकवलेलं आहे आणि त्या जागेभोवती तो वळतोय. किती वळला, त्याचं माप म्हणजे कोन. बास, एवढंच. जिथं अडकवलाय ती जागा म्हणजे शिरोबिंदू, आणि दांडा जिथं होता ती रेघ आणि आता जिथं आहे ती रेघ, या दोन रेघा म्हणजे कोनाच्या भुजा.

इथं पोरं हमखास चुकतात. वहीत एक कोन लांबलचक भुजांचा काढा आणि दुसरा आखूड भुजांचा, आणि विचारा मोठा कोणता. निम्मी पोरं लांब भुजांचा सांगतात. त्यांना गेटकडं बघायला सांगायचं. दांड्याचं रस्त्यावरचं टोक चांगलं पुरुषभर वर गेलेलं असतं आणि खांबाजवळचा भाग जेमतेम वीतभर हललेला असतो, पण दांडा तर एकच आहे ना, मग टोक जास्त वळलं आणि बूड कमी वळलं असं होईल का? वळणं दोघांचं सारखंच. म्हणून भुजा वाढवली किंवा खोडून लहान केली तरी कोन तसाच राहतो. ही गोष्ट डोक्यात पक्की बसल्याशिवाय पुढं जाऊ नये असं मला वाटतं, कारण पुढचा सगळा गोंधळ इथूनच निघतो.

मोजायचं अंशांत. पूर्ण एक वळसा म्हणजे ३६० अंश. ३६०च का, सरळ १०० का नाहीत? ६०च्या पटीत मोजायची पद्धत प्राचीन बॅबिलोनची, आपल्या घड्याळातली ६० मिनिटंही तिथलीच. आणि ३६० हा आकडा हिशोबाला फार सोयीचा आहे, त्याला नि:शेष भागणाऱ्या संख्या २४ आहेत. १००चे तीन सारखे भाग करायला गेलं की ३३ आणि वर अपूर्णांक येतो, ३६०चे तीन भाग १२०, सहा भाग ६०, आठ भाग ४५, कुठं काही उरत नाही.

नावं कशी पडतात

दांडा अजून हललाच नाही तेव्हा शून्यकोन. उठायला लागला पण पूर्ण उभा झाला नाही तोपर्यंत लघुकोन, म्हणजे पुस्तकातला अक्युट अँगल, ९० पेक्षा कमी. अगदी ओळंब्यात उभा राहिला की काटकोन, राईट अँगल, बरोबर ९०. खरा दांडा त्याच्या पलीकडं जात नाही, पण गेलाच असं धरा आणि पाठीमागच्या बाजूला कलला, तर ९० च्या पुढं विशालकोन, ऑब्ट्यूज. पार मागं जाऊन आडवा झाला की सरळकोन, १८०. त्याच्या पुढं प्रविशालकोन आणि फिरून परत मूळ जागेवर आला की पूर्णकोन, ३६०. ही सात वेगवेगळी चित्रं नाहीत, एकाच दांड्याच्या प्रवासातले टप्पे आहेत. त्यामुळं आधी दांडा फिरवून दाखवायचा आणि मग टप्प्याला नाव द्यायचं, उलटं करायला गेलो की पाठांतर आलंच.

काटकोनाला मात्र वेगळा मान आहे, तो आपल्या घराघरांत आहे. गवंडी पायाची दोरी लावतो तेव्हा कोपरा गुण्यात आहे का ते आधी बघतो. लोखंडी गुण्या लहान पडतो म्हणून एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजून खूण करतो आणि दोन खुणांमध्ये ५ फूट बरोबर भरतात का बघतो. भरले तर कोपरा काटकोनात, नाहीतर दोरी सरकवायची. यज्ञाच्या वेदी बांधायला दोरीनं आकार कसे आखायचे हे आपल्याकडच्या शुल्बसूत्रांत सांगितलंय, त्यात या नियमाचं मूळ सापडतं. ज्या माणसानं कधी हा धडा वाचला नसेल तोही रोज हेच वापरतोय.

बेरीज ९० आणि बेरीज १८०

आता जोड्यांकडं येऊया, इथंच पोरं अडकतात. दांडा अर्ध्यात थांबला आणि रस्त्याशी त्याचा कोन ५० अंश आहे असं धरा. पण रस्ता तर खांबाच्या दोन्ही बाजूंना पसरलाय, मागच्या बाजूच्या रस्त्याशी त्याच दांड्याचा कोन किती? मोजायची गरजच नाही. एका बाजूच्या रस्त्यापासून दुसऱ्या बाजूच्या रस्त्यापर्यंत अर्धा वळसा, १८०. त्यातले ५० गेले, राहिले १३०. अशा शेजारी-शेजारी बसून सरळ रेघ करणाऱ्या दोन कोनांना रेषीय जोडी म्हणतात. आणि ज्या कुठल्याही दोन कोनांची बेरीज १८० भरते ते पूरककोन, सप्लिमेंटरी.

मग कोटिकोन, कॉम्प्लिमेंटरी, ते कुठं आले? उभ्या खांबाकडं बघा. रस्ता आणि खांब यांच्यामध्ये ९०. दांड्यानं रस्त्यापासूनचे ५० घेतले तर खांबापर्यंत ४० उरले. ५० आणि ४० हे एकमेकांचे कोटिकोन. कुठली बेरीज ९० आणि कुठली १८० हे ज्यांच्या लक्षात राहत नाही त्यांनी एवढंच करायचं, कोटिकोन म्हटलं की उभा खांब डोळ्यांपुढं आणायचा आणि पूरक म्हटलं की सरळ रस्ता.

कोणी विचारेल, पूरककोन शेजारीच असायला पाहिजेत का? नाही. एक कोन निपाणीत काढलेला असू दे, दुसरा सौंदत्तीत, बेरीज १८० भरली की झाले पूरक. शेजारी असायची अट रेषीय जोडीला आहे. परीक्षेत खरं की खोटं मध्ये हाच प्रश्न फिरवून-फिरवून येतो. दोन लघुकोन एकमेकांचे पूरक असू शकतील का हाही तसाच. दोन्ही ९० च्या आत असले तर बेरीज १८० पर्यंत पोचणार कशी? नाही पोचणार. यात पाठ करण्यासारखं काय आहे सांगा.

जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस बेफाम, म्हणून तिकडची कौलारू घरं उतरत्या छपराची. छपराचा उतार आडव्या रेघेशी ३० अंश ठेवला तर उभ्या भिंतीशी वाशाचा कोन आपोआप ६० होतो, कारण आडवं आणि उभं यांच्यात ९०च आहेत. उतार वाढवून ३५ केला तर भिंतीशी ५५. सुताराला वाशाचं टोक भिंतीला चपखल बसेल असं कापायचं असेल तर हा दुसरा कोन लागतो, आणि तो वेगळा मोजायला नको.

रस्ता रूळ ओलांडतो तिथं

आता दांडा सोडा आणि खाली बघा. रस्ता रुळाला तिरका ओलांडतोय असं धरा आणि एकच रूळ घ्या. दोन रेघा एकमेकींना कापतात तिथं चार कोन होतात. त्यातला एक ६५ अंशांचा निघाला. त्याच्या शेजारचा? रूळ सरळ आहे, म्हणून १८० तून ६५ गेले, ११५. त्याच्या पुढचा? आता रस्ता सरळ आहे, १८० तून ११५ गेले, परत ६५. आणि चौथा ११५. म्हणजे समोरासमोरचे कोन सारखे आले. हेच विरुद्ध कोन.

बघितलं तर दिसतंयच की सारखे आहेत, मग सिद्ध कशाला करायचं, असं पोरं विचारतात आणि हा प्रश्न चांगला आहे, त्याला गप्प करू नये. कोनमापकानं मोजलं तर ६५ चे कधी ६४ दिसतील, कधी ६६, पेन्सिलीची रेघ जाड असते. आणि मोजलेलं खरं असलं तरी ते त्या एका चित्रापुरतं. वर आपण केलं त्यात ६५ च्या जागी कुठलाही आकडा घाला, आधी १८० तून तो वजा होतो आणि मग आलेलं उत्तर परत १८० तून वजा होतं, त्यामुळं मूळ आकडा परत येणारच. जगातल्या सगळ्या कापणाऱ्या रेघांचा निकाल दोन ओळींत लागला. हे मोजून कधीच होत नाही.

आणि टू-व्हीलरवाल्यांसाठी एक काळजीची गोष्ट. पावसात रूळ ओला असताना तो तिरका ओलांडू नका, शक्य तितकं काटकोनात या. चाक लहान कोनात आलं की ते रुळाच्या कडेनं घसरतं किंवा रुळालगतच्या फटीत सापडतं, ९० च्या जवळ आलं की पटकन पार होतं.

दुसरा रूळ आला की आठ कोन

एका रुळानं चार कोन झाले, दुसऱ्या रुळावर आणखी चार. एकूण आठ. दोन रेघांना कापत जाणारी तिसरी रेघ, म्हणजे आपला रस्ता, तिला छेदिका म्हणतात. आठ कोनांना बघून पोरं घाबरतात. पण दोन रूळ समांतर आहेत, म्हणजे दोघांचा कल एकच. मग सरळ जाणाऱ्या रस्त्यानं पहिल्या रुळाशी ६५ चा कोन केला तर दुसऱ्या रुळाशी वेगळा कसा करेल? दुसरा रूळ म्हणजे पहिलाच रूळ न वळवता पुढं सरकवून ठेवलेला. म्हणून पहिल्या चौकडीची हुबेहूब नक्कल दुसऱ्या चौकडीत आली, ६५, ११५, ६५, ११५. कोन आठ, पण आकडे फक्त दोन.

आता नावं. दोन्ही चौकड्यांत एकाच जागी बसलेले, उदाहरणार्थ दोन्हीकडं वरचा-उजवा, ते संगत कोन, सारखे. दोन रुळांच्या मध्ये पण रस्त्याच्या उलट-सुलट बाजूंना असलेले ते आंतरव्युत्क्रम कोन, तेही सारखे, कारण संगत आणि विरुद्ध दोन्ही एकत्र लावले की तिथंच पोचतो. दोन रुळांच्या मध्ये आणि रस्त्याच्या एकाच बाजूला असलेले ते आंतरकोन, त्यांची बेरीज १८०, म्हणजे एक ६५ वाला आणि एक ११५ वाला.

इथं एक धोका आहे आणि तो हुशार पोरांनाही चकवतो. रेघा समांतर नसल्या तर काय? नावं तशीच राहतात, जागेवरून पडलेली असल्यामुळं, पण सारखेपणा जातो. प्रश्नात समांतर असं लिहिलंय का किंवा रेघांवर बाणाची खूण आहे का हे बघितल्याशिवाय संगत म्हणून सारखे असं ठोकून देऊ नये. उलट बाजूनं मात्र याचा फायदा होतो, संगत कोन सारखे निघाले तर रेघा समांतर असल्याच पाहिजेत. सुतार पट्टीवर गुण्या सरकवत दोन रेघा मारतो आणि त्या समांतर येतात, ते यामुळंच.

त्रिकोणाचे १८० कशावरून

कागदाचा कसलाही त्रिकोण कापा, तिन्ही कोपरे फाडून एकाशेजारी एक ठेवा, सरळ रेघ होते. पोरांना हे करून बघायला फार आवडतं आणि करून घ्यावंच. पण परत तोच सवाल, प्रत्येक त्रिकोणाला असं होईल कशावरून?

त्रिकोणाच्या वरच्या टोकातून तळाच्या बाजूला समांतर एक रेघ काढा. आता त्रिकोणाची डावी बाजू ही छेदिका झाली, म्हणून तळातला डावा कोन आणि वर त्या बाजूला तयार झालेला कोन हे आंतरव्युत्क्रम, सारखे. उजवीकडंही तसंच. म्हणजे तळातले दोन्ही कोन वर येऊन टोकाच्या कोनाच्या दोन्ही बाजूंना बसले, आणि तिघे मिळून सरळ रेघ भरते. सरळ रेघ म्हणजे अर्धा वळसा, १८०. गेटच्या दांड्यानं दिलेली गोष्ट आणि रुळांनी दिलेली गोष्ट, दोन्ही इथं एकत्र आल्या. साधारण २३०० वर्षांपूर्वी ग्रीक गणिती युक्लिडनंही अशीच एक समांतर रेघ काढून हे सिद्ध करून ठेवलंय आणि सपाट जागेपुरतं ते आजही तसंच खरं आहे.

पण याचा उपयोग काय

पीएम सूर्य घर योजना २०२४ मध्ये आल्यापासून गच्चीवरच्या सोलर पॅनलची चर्चा घरोघरी आहे. पॅनल दक्षिणेकडं तोंड करून बसवतात आणि आपल्या भागात साधारण १६ अंश कलता ठेवणं बरोबर धरतात. हे १६ आले कुठून? बेळगावचा अक्षांश साधारण १६ आहे. पण अक्षांशाचा आणि पॅनलच्या कलाचा संबंध काय, हे आजच्या धड्यातूनच कळतं.

मार्चच्या २१ तारखेच्या आसपास दुपारी सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर डोक्यावर असतो. बेळगावात ओळंबा सोडला आणि ती दोरी मनात खाली वाढवत नेली तर ती पृथ्वीच्या मध्याशी पोचते. तिथं ती विषुववृत्तावरून आलेल्या रेघेशी १६ अंशांचा कोन करते, त्यालाच अक्षांश म्हणतात. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण इथं समांतर येतात. मग विषुववृत्तावरचा किरण आणि बेळगावातला किरण हे दोन रूळ, आपली ओळंब्याची रेघ ही छेदिका. पृथ्वीच्या मध्यातला १६ चा कोन आणि बेळगावात ओळंबा-किरण यांच्यातला कोन हे संगत, म्हणून तोही १६. त्या दिवशी दुपारी सूर्य आपल्या डोक्यावरून दक्षिणेला १६ अंश कललेला असतो तो असा.

आता पॅनल. त्यावर किरण काटकोनात पडला तर ऊन सगळ्यात जास्त मिळतं. पॅनल आडव्यापासून १६ अंश उचलला, तर त्याच्यात आणि ओळंब्यात ९० तून १६ गेले, ७४ उरले. त्याच्या पलीकडं ओळंब्यापासून किरणापर्यंत १६. बेरीज ७४ आणि १६, बरोबर ९०. झाला किरण काटकोनात. उन्हाळ्यात सूर्य वर सरकतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडं आणखी खाली जातो, त्या दोघांच्या मधला हा १६ चा कल वर्षभराला बरा पडतो. मेच्या पहिल्या आठवड्यात तर सूर्य बेळगावच्या बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली दुपारी गायब होते. परत ऑगस्टमध्येही येतो, पण तेव्हा आपल्याकडं ढग.

हाच समांतर किरणांचा विचार करून एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं इसवी सनाच्या आधी तिसऱ्या शतकात पृथ्वीचा घेर काढला होता. एका गावात सावली नाही आणि त्याच वेळी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात सूर्यकिरणाचा ओळंब्याशी ७ अंशांहून थोडा जास्त कोन, म्हणजे पूर्ण वळशाचा पन्नासावा भाग. म्हणून दोन गावांमधल्या अंतराच्या पन्नासपट पृथ्वीचा घेर. आणि १८०२ मध्ये मद्रासजवळून विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्यानं भारताची मोजणी सुरू केली तीही कोनांच्याच जोरावर, पायाची एक रेघ साखळीनं नीट मोजायची आणि पुढं डोंगरामागून डोंगर नुसते कोन मोजत जायचं. त्रिकोणाचे दोन कोन आणि एक बाजू कळली की बाकी सगळं हिशोबानं निघतं, दऱ्याखोऱ्यांतून साखळी ओढायला लागत नाही.

पृथ्वी गोल आहे, मग १८० खरे कसे

हा प्रश्न एखादं पोर विचारतंच, आणि ते बरोबर विचारतंय. १८० चा नियम सपाट जागेचा आहे. गोलावर तो मोडतो. पृथ्वीगोलावर विषुववृत्तावर एक जागा धरा, तिथून सरळ उत्तर ध्रुवावर जा, तिथं काटकोनात वळून परत सरळ विषुववृत्तावर उतरा, आणि विषुववृत्तावरून निघाल्या जागी या. तिन्ही कोपरे काटकोनाचे, बेरीज २७०.

मग आपल्या प्लॉटच्या मोजणीवर भरवसा ठेवायचा की नाही? ठेवायचा. त्रिकोण पृथ्वीच्या मानानं लहान असला की हा फरक नगण्य होतो. बेळगाव, कोल्हापूर आणि पणजी असा त्रिकोण घेतला तरी तिन्ही कोनांची बेरीज १८० पेक्षा जी जास्त भरते ती एका अंशाच्या दीडशेव्या भागापेक्षाही कमी. देशाची मोजणी करणाऱ्यांना मात्र तेवढाही फरक सोडून चालत नव्हता, मोठ्या त्रिकोणांतून ते तो हिशोबानं वजा करायचे.